न धुतलेली गोधडी

शोभनाच्या घरी कापड आलं की ते आधी बाथटबात जायचं, कात्रीखाली नंतर. ती कुणी मुंबईहून आणलेली भारी मलमल असो की कोपऱ्यावरच्या दुकानातलं साधं पॉपलिन, त्यात भेदभाव नव्हता. अमिरातीतल्या अल ऐनमधल्या एका व्हिलाच्या मागच्या भागात ती आणि गुणवंत कित्येक वर्षं राहत होते. त्या घरातल्या बाथटबात आंघोळ कुणी कधी केलीच नाही. त्यात कायम काहीतरी भिजत असायचं.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून इतकं कढत यायचं की हात घालवत नसे. अशा पाण्यात कापडाचं खरं रूप बाहेर पडतं, असं शोभना म्हणायची. खळ निघते, कच्चा रंग सुटतो, आटायचं तेवढं आटून जातं. मग ती ओझं घेऊन गच्चीवर जायची. दूरवर जबल हफीतचा डोंगर धुळीत पुसट झालेला, खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि दोरीवर टाकलेलं कापड दुसरं टाकेपर्यंत पापडासारखं कडक.

ती मूळची इचलकरंजीची. वडील कापडाच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे रंगवायच्या कारखान्यात, रंगाच्या हौदावर होते. त्यांच्या हातांच्या रेषांत सुट्टीच्या दिवशीसुद्धा रंग असायचा. आईच्या लेखी जगात दोनच तऱ्हेची कापडं होती, धुवट आणि कोरी. नुकत्याच जन्मलेल्या पोराला गुंडाळायचं ते धुवट, अनेक पाणी पाहिलेलं, मऊ पडलेलं. आणि कोरं, पाणी न लागलेलं, ते माणूस गेल्यावर त्याच्यावर घालायचं. म्हणून जिवंत माणसाच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही, मग ती परकराची नाडी का असेना. शोभनाने हे गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही. त्यांना ती सांगायची की आधी धुतलं नाही तर नंतर आटतं, टाके ओढले जातात, एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. तेही खरंच होतं.

लग्न होऊन ती इथे आली तेव्हा गुणवंत हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्ट करायचा आणि ती बंद खिडक्यांच्या घरात एकटी असायची. ओळखीचं कुणी नाही, गाडी चालवता येत नाही, बाहेर पाय ठेवावा असं ऊन नाही. त्या काळात तिने स्वतःच्या साड्या फाडून पहिली गोधडी शिवली. पुढे मुलगी झाली, आभा. तिची दुपटी पाहून एकीने मागितली, मग दुसरीने. हळूहळू अबू धाबी, दुबईपर्यंत मराठी घरांत बाळ होणार असलं की शोभनाकाकूंना फोन जायचा. तिच्या गोधड्यांत वाढलेली पोरं आता तिच्याशी इंग्रजीत बोलत होती.

काव्या आली ती जूनमध्ये. सात महिन्यांची गरोदर, दुबईहून एकटी गाडी चालवत आलेली. मराठी मंडळाच्या प्रदर्शनात तिची आणि शोभनाची एकदा ओळख झाली होती. तेव्हा बरोबर नवरा होता, सुयश, उंच, हसरा, सगळ्या गोधड्यांना हात लावून बघणारा. तो दुबईच्या जबल अली बंदराजवळ एका गोदामात मॅनेजर होता. मार्चमध्ये कामावर असताना छातीत कळ आली आणि अँब्युलन्स पोचेपर्यंत संपलं. वय पस्तीस. शोभनाला ही बातमी व्हॉट्सॲपवर कळली होती. काय बोलावं ते न सुचून तिने नुसते हात जोडलेले पाठवले होते.

काव्याने दोन मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या. झिपवाल्या, हवा काढून बंद केलेल्या. आत शर्ट होते, एक टी-शर्ट, एक झोपायची पायजमा पँट. आणि वेगळं, कागदात गुंडाळलेलं एक गडद निळं हातमागाचं कापड. बाळाच्या बारशाला स्वतःसाठी कुर्ता शिवायचा म्हणून सुयशने ते पुण्याहून आणलं होतं. काठावर दुकानाचा शिक्का तसाच होता.

ह्या सगळ्याची गोधडी हवी होती. पण धुवायचं नाही, हे काव्याने चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच सांगितलं. हे शर्ट धुण्याच्या टोपलीतले होते. तो गेला त्या दिवशी टोपलीत जे होतं ते.

शोभनाने सरळ नकार दिला. घामाचं कापड टिकत नाही, त्याला बुरशी येते, निळ्याचा रंग सुटेल, असं बरंच काही ती बोलली. अंगठा जिभेला लावून तिने निळ्या कापडावर दाबला आणि काव्यासमोर धरला. अंगठा निळा झाला होता. काव्याने शांतपणे पाहिलं.

"काकू, त्याचे फोटो आहेत. व्हिडिओ आहेत, व्हॉइस नोट्स आहेत," ती म्हणाली. "वास कुठेच सेव्ह होत नाही."

शोभनाने अंगठा पदराला पुसला आणि विचारलं, मग निळं तरी धुऊ ना, ते तर त्याने कधी घातलंच नाही. पण काव्याला तेही तसंच हवं होतं. घरी आणल्यावर आरशासमोर उभं राहून त्याने ते खांद्यावर टाकून दाखवलं होतं. एकदाच.

शेवटी शोभनाने एक अट घातली. गोधडी काव्यापुरती. बाळाला त्यात घालायचं नाही, बाळासाठी ती स्वतःच्या जुन्या साड्यांचं दुपटं वेगळं करून देईल. काव्याने मान डोलावली. ती गेल्यावर शोभनाच्या लक्षात आलं की मान डोलावताना तिची नजर निळ्या कापडावर होती.

पहिल्या दिवशी पिशवी उघडली तेव्हा फारसं काही जाणवलं नाही. बंद कपाटाचा असतो तसा कोंदट वास, खाली थोडा घाम. शोभनाने शर्ट उसवले, कॉलरी, बाह्या, पाठी वेगळ्या केल्या. मग इस्त्री गरम केली.

वाफ लागताच खोलीत माणूस आला.

दुसऱ्या शब्दांत तिला ते सांगता आलं नसतं. उन्हातून नुकताच आत आलेला, गाडीची किल्ली अजून हातात असलेला, असा माणूस. घाम, डिओडरंट, पुठ्ठ्याची धूळ, आणि त्यामागे काहीतरी गोडसर. तिने इस्त्री उभी केली आणि मागे वळून पाहिलं. दार बंद होतं. पडद्याच्या फटीतून दुपारचा पांढरा पट्टा फरशीवर पडला होता आणि एसी गुरगुरत होता. ऊब लागल्यावर न धुतलेल्या कपड्याचा वास उठणारच, तिने स्वतःला समजावलं, आणि दुसरा शर्ट घेतला. तरी इस्त्री करताना तिने पाठ दाराकडे करायची सोडली.

संध्याकाळी तिने आभाला फोनवर हे सांगितलं. आभा दुबईत नोकरी करायची, कायम घाईत असायची. "आई, इट्स जस्ट लॉन्ड्री," ती म्हणाली आणि तिला मीटिंगचा कॉल आला.

खरी भीती शोभनाला वाटली ती गुणवंतमुळे.

कोविडमध्ये गुणवंतचा वास गेला होता तो परत आलाच नव्हता. फोडणी जळली तरी त्याला कळायचं नाही. लॅबमध्ये काम करणाऱ्याला हे वरदानच आहे अशी चेष्टा तो करायचा, पण आंबा खाताना त्याचा चेहरा पाहवत नसे. त्या आठवड्यात एके दिवशी तो ड्युटीवरून आला, बूट काढता काढता थांबला आणि म्हणाला, "कोण आलंय?"

कुणी नाही, शोभना म्हणाली. तो एका पायात बूट ठेवूनच शिवणाच्या खोलीपर्यंत गेला आणि उंबऱ्यात उभा राहिला.

"वेलची," तो म्हणाला. "वेलची खातो हा."

शोभनाने स्वयंपाकघरातून मसाल्याचा डबा आणला, उघडून त्याच्या नाकाशी धरला. लवंग, दालचिनी, वेलचीही. त्याला काही कळेना. डबा बाजूला सारून तो आत गेला आणि शर्टांच्या ढिगाशेजारी खुर्चीवर बसला.

त्या दिवसापासून तो रोज तिथे बसू लागला. आल्या आल्या हातपाय धुऊन तो टीव्हीसमोर न जाता त्या खोलीत जायचा. आधी दार उघडं असायचं, मग लोटलेलं, मग बंद. शोभना त्याला चहा द्यायला जायची तेव्हा तो डोळे मिटून बसलेला असायचा. इतक्या वर्षांनी काहीतरी येतंय, तो म्हणायचा, बसू दे. तिला त्याचं दुःखही कळत होतं, म्हणून ती अडवू शकली नाही. पण तो ढिगातल्या माणसाबद्दल बोलू लागला. उजवा खांदा दुखायचा त्याचा, एकदा म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, हा शेवटचा शर्ट आहे, हा घातला तेव्हा तो घाबरलेला होता.

शोभनाने न राहवून काव्याला फोन केला आणि आडवळणाने विचारलं. सिगरेट सोडल्यापासून सुयश खिशात वेलची ठेवायचा, काव्या म्हणाली. खांद्याला रोज बाम लागायचा, उजव्याच. हे वासावरून ओळखता येतं, शोभनाला पटलं. बामाचा वास राहतोच कापडाला. पण घाबरल्याचा वास कसा असतो, हे तिने गुणवंतला विचारलं नाही. फोन ठेवताना काव्याने सहज सांगितलं की त्या दिवशीचा शर्ट हॉस्पिटलने तिच्या हातात दिला होता, तो तिने घरी येऊन टोपलीतच टाकला. तोही त्यात आहे.

मग शोभनाने घाई केली. एरवी ती गोधडीला हवा तेवढा वेळ द्यायची, पण हिला ती दिवसाउजेडी झपाझप टाके घालत सुटली. मध्यभागी निळं, भोवती शर्टांचे चौकोन, खाली अस्तर म्हणून काव्याचीच जुनी चादर. धावदोरा घालताना सुई कधी नव्हे ती अडायची, जणू खालून कुणी कापड धरून ठेवलंय. मळलेल्या कापडात सुई अडते, हेही तिला माहीत होतं. सगळ्याला कारण होतं. तरी ती त्या खोलीत एकटी असताना मोबाइलवर अभंग लावून ठेवायची आणि तिच्या बोटांना रोज निळं लागायचं, घासूनही न जाणारं.

काव्या गोधडी न्यायला आली तेव्हा तिने ती उलगडूनही पाहिली नाही. तिने त्यात चेहरा खुपसला आणि तशीच उभी राहिली. गुणवंत दारात उभा होता. गाडी वळणाआड गेली तेव्हा तो नाक वर करून हवेत काही शोधत होता, मग आत येऊन टीव्ही लावला. त्याच्याबद्दल वाईट वाटावं की सुटलो म्हणावं, हे शोभनाला ठरवता आलं नाही.

ऑगस्टमध्ये काव्याला मुलगी झाली. दिया. काव्याची आई बाळंतपणाला आली होती, पण पुण्याला वडिलांचं डायलिसिस चालू होतं, त्यामुळे पंधरा दिवसांतच तिला परत जावं लागलं. काव्या दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या फ्लॅटमध्ये बाळाबरोबर एकटी राहिली. फोनवर ती थकलेली वाटायची. बाळ रडतं, झोपतच नाही, दुपट्यात ठेवलं की किंचाळतं. नंतर एकदा म्हणाली की आता झोपते, छान झोपते. शोभनाने विचारलं, कशात झोपते? लाइन कट झाली.

रविवारी शोभना आणि गुणवंत बाळाला बघायला निघाले. रस्ताभर वाळूवर उन्हाचं पाणी हलत होतं. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर काव्याच्या दारापाशी गुणवंत थांबला आणि शोभनाकडे पाहून हळूच म्हणाला, "इथे आहे तो."

काव्याने दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे झोपेने सुजलेले. ती हसली. सकाळपासून दिया झोपलीय, म्हणाली, एकदाही रडली नाही, मलाही डोळा लागला, कितीतरी दिवसांनी. एसी चालू होता. घरात इतकी शांतता होती की शेजारच्या फ्लॅटमधला नळ ऐकू येत होता. शोभनाने चपला काढल्या नाहीत. ती तशीच बेडरूमकडे गेली.

पडदे ओढलेले होते. पलंगावर गोधडी पसरली होती आणि निळ्या चौकोनावर, एका कुशीला, गाल टेकून दिया होती. शोभनाने दिवा लावला.

बाळ निळं होतं.

गाल, नाक, ओठ, तोंडात घातलेली बोटं, हनुवटीखालची घडी. सगळं निळं, आणि ते हलत नव्हतं. मागे काव्या येऊन उभी राहिली होती आणि तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता, नुसती हवा निघत होती. शोभनाने बाळ उचललं. एसीने ते गार पडलं होतं. इचलकरंजीच्या घरातलं कोरं कापड, आईचा हात, असलं काहीबाही तिच्या डोळ्यांसमोर आलं. मग तळहाताखाली, अगदी बारीक, काहीतरी धडधडलं.

तिने स्वतःचं बोट तोंडात ओलं करून बाळाच्या ओठावरून फिरवलं. बोट निळं झालं. खाली गुलाबी ओठ होता.

"रंग आहे, काव्या," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "रंग आहे नुसता. जिवंत आहे ती."

दियाने डोळे उघडले. ती रडली नाही. शोभनाच्या खांद्यावरून मागे, दाराच्या वर कुठेतरी, तिने टक लावून पाहिलं आणि हसली. महिन्याभराची पोर अजून कुणाकडे बघून हसत नाही. शोभना वळली नाही. दारात गुणवंत होता हे तिला माहीत होतं, पण मुलगी बघत होती ती त्याच्या डोक्याच्या वर.

खालच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरने दियाला तपासलं, छाती ऐकली, पोट दाबून पाहिलं. लाळेने आणि घामाने रंग सुटलाय, पोटात गेला असला तरी फार नसेल, लक्ष ठेवा आणि त्या कापडापासून लांब ठेवा, म्हणाली. काव्याने ऐकून घेतलं. घरी परतल्यावर तिने बाळाला कोमट पाण्याने पुसलं, पुन्हा पुन्हा, टॉवेल निळा होईपर्यंत. मग शोभनाने करून दिलेल्या साडीच्या दुपट्यात तिला ठेवलं. दिया लगेच किंचाळू लागली. लाल होऊन, हातपाय झाडून, श्वास धरून. ते ऐकून काव्याला पहिल्यांदा रडू आलं.

"त्यात ती रडायची नाही, काकू," ती म्हणाली. "मला वाटायचं, तो घेऊन बसतो तिला."

"रडू दे," शोभना म्हणाली. "बाळाने रडायचंच असतं."

गोधडी धुवा, असं शोभना म्हणाली नाही. काव्या स्वतःच उठली, पलंगावरून ती दोन्ही हातांनी उचलली आणि बाथरूममध्ये नेली. टब भरायला तिने नळ सोडला. इथेही टाकीचं पाणी कढत येत होतं, आरशावर वाफ धरली. ती कडेला गुडघ्यांवर बसली, गोधडी एकदा छातीशी धरली आणि पाण्यात सोडली.

पाणी आधी निळं झालं, मग काळसर. आणि वास उठला. इस्त्रीखाली उठला होता त्याच्या कितीतरी पट, वाफेबरोबर बाथरूममधून पॅसेजमध्ये, हॉलमध्ये, सगळ्या घरभर. वेलची, बाम, घाम, पुठ्ठा. शोभनाला वाटलं एवढ्याशा घरात आता आपल्या सगळ्यांना उभं राहायला जागा नाही. हॉलमध्ये गुणवंत बाळाला घेऊन बसला होता. तो उठून उभा राहिला आणि पॅसेजच्या भिंतीला पाठ लावून बाजूला सरला, लिफ्टमध्ये कुणाला वाट द्यावी तसा. त्याची नजर दाराकडे गेली. दियाचं रडणं थांबलं.

मग काव्याने बूच काढलं. पाणी गुरगुरत खाली गेलं, आणि दिया पुन्हा रडू लागली.

तिने आणखी पाणी घेतलं, साबण घातला, पुन्हा काढलं. शोभनाने पिळायला हात लावला. दोघींनी मिळून गोधडी बाल्कनीत नेऊन कठड्यावर टाकली. मधलं निळं आटून गोळा झालं होतं, त्याने भोवतालचे शर्ट आत ओढले होते. सगळे टाके सुरकुतले. अशी वेडीवाकडी वस्तू शोभनाच्या हातून कधी गेली नव्हती. उन्हाने ती बघता बघता सुकली. फक्त एका जागी, उजव्या बाजूच्या चौकोनात, तळहाताएवढा ओला डाग संध्याकाळपर्यंत राहिला. बामाचं तेल कापडात मुरलं असेल, शोभना म्हणाली. काव्याने त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, हे गरम आहे. शोभनाने हात लावून पाहिला नाही.

परतीच्या वाटेवर गुणवंतने गाडीची काच खाली केली. बाहेरची तापलेली हवा भसकन आत आली. तिला वाटलं तो काही हुंगतोय, पण तो नुसता तोंडावर हवा घेत होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, घरी जाऊन काय करणार आहेस जेवायला. पिठलं, ती म्हणाली. बरं, तो म्हणाला, आणि काच वर केली.

दिया आता दोन वर्षांची आहे. खूप रडते, खूप बोलते, सगळं इंग्रजीत. काव्या एका शाळेत शिकवते. गोधडी कपाटात असते, थंडीच्या दिवसांत काव्या ती पायांवर घेते. गोधडीला आता कसलाच वास नाही, साबणाचासुद्धा. गुणवंतला अजूनही काही कळत नाही, फोडणी जळते तेव्हा शोभनाच धावते. कुणी गेलेल्या माणसाचे कपडे घेऊन आलं तर ती नाही म्हणत नाही. बाथटब भरायला लावते आणि तोपर्यंत त्यांना हॉलमध्ये चहा देते.